पऱ्हे कधी टाकायचे?

मृग लागला की भंडारा जिल्ह्यात घरोघरी एकाच प्रश्नाचा काथ्याकूट सुरू होतो: पऱ्हे टाकायचे, की अजून चार दिवस दम धरायचा? भंडारा-पवनी रस्त्यावरचं अड्याळ हे पवनी तालुक्यातलं मोठं गाव. भोवती सगळा धानाचा मुलूख. इथे धान आधी एका बांधीत दाट पेरतात, तेच पऱ्हे. तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या बांध्यांत रोवायचे. हेक्टरभर रोवणीला साधारण १० आर पऱ्हे आणि ३५-४० किलो बियाणं लागतं. हा हिशेब तोंडपाठ असतो. अडतं ते तारखेपाशी. पऱ्हे लवकर टाकले आणि पावसाने दडी मारली, तर ते जागच्या जागी जून होतात. मग रोवूनही नीट फुटवे धरत नाहीत. उशिरा टाकले तर रोवणी ऑगस्टात सरकते आणि उतारा घटतो. दुबार पऱ्हे टाकायची पाळी आली तर बियाण्याचा खर्च दुप्पट, आणि तोवर मजूर दुसऱ्याच्या रोवणीला लागलेले.

ह्या एका निर्णयासाठी शंभर-दीडशे वर्षांत किती साधनं पुढे आली! पंचांग, रेडिओ, टोल फ्री नंबर, एसएमएस, ॲप, आणि आता मराठीत उत्तर देणारा यांत्रिक सल्लागार. सल्ला द्यायला सगळेच उत्सुक. दिलेला सल्ला कामी आला का, हे विचारायला मात्र फार थोडे जण परत आले. मला मागोवा घ्यायचा आहे तो ह्या परत येण्याचा.

सगळ्यात जुनं साधन पंचांग. सोलापूरचं दाते पंचांग १९१६ पासूनचं, 'कालनिर्णय' १९७३ पासूनचं. पण त्यातली पावसाची नक्षत्रं आणि त्यांची वाहनं त्याहून कितीतरी जुनी. सूर्य ज्या क्षणी नव्या नक्षत्रात शिरतो, त्या क्षणी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला नऊने भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा आला की ओढ. आज ज्याला आपण अल्गोरिदम म्हणतो तो हाच: ठरलेली पायरी, ठरलेला भागाकार, ठरलेलं उत्तर. ह्यात ढग कुठेच नाहीत, वारा नाही, आणि गावही नाही. रत्नागिरीला जो बेडूक, तोच अड्याळला. शिवाय नक्षत्रांचं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठं असल्याने मृगाची तारीख दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे सरकते. म्हणजे ४०० वर्षांत साडेपाच दिवस. पाऊस काही तिच्यामागे सरकत नाही.

तरीही पंचांगाचा ग्राहक नाराज नव्हता, आणि आजही नाही. पंचांग तो दरवर्षी स्वतःच्या पैशाने विकत घेतो. मला ह्याचं कारण श्रद्धेत फारसं दिसत नाही. पंचांग फक्त वाहन सांगतं. "पऱ्हे टाका" असं म्हणत नाही. निर्णय घरातच राहतो: म्हातारा बाप, थोरला भाऊ, शेजारची बांधी, तलावातलं पाणी पाहून ठरतो. चुकला तर शिव्या पंचांगाला पडत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पावसाचं भाकीत करतात. त्याचीही तीच गत. दरवर्षी बातमी होते, अंधश्रद्धेवर टीका होते, आणि गेल्या वर्षीचं भाकीत काढून कोणी ताडून पाहिलं असं क्वचितच ऐकू येतं.

सरकारी अंदाजाचा उगम मात्र शेतकऱ्याच्या अंगणातला नाही. १८७५ साली हवामान खातं स्थापन झालं, पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला, आणि सरकारला पावसाचा आगाऊ अंदाज हवासा वाटू लागला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा मान्सूनशी संबंध लावून ४ जून १८८६ रोजी पहिला हंगामी अंदाज रीतसर जाहीर केला. पुढे १९०४ ते १९२४ हे खातं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे होतं. गणिताचा हा माणूस जगभरचे वायुदाबाचे आकडे जमवून त्यांचे परस्परसंबंध काढत बसला आणि त्यातूनच हंगामी अंदाजाला संख्याशास्त्राचा पाया मिळाला. विद्या मोठी होती. पण ह्या मालाचं गिऱ्हाईक होतं सरकार. महसूल किती बुडेल, धान्य कुठे हलवावं लागेल, हे त्याला आधी कळायला हवं होतं. अड्याळच्या बांधीत उभा असलेला माणूस ह्या व्यवहारात नव्हताच.

तो आला १९४५ मध्ये. पुण्यात १९३२ साली कृषी हवामानाचा वेगळा विभाग निघाला होता. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची खास वार्तापत्रं प्रादेशिक भाषांत जाऊ लागली. १९४८ ला नागपूर केंद्र सुरू झालं आणि विदर्भाला जवळचा आवाज मिळाला. त्या वार्तापत्रांनी "तुरळक ठिकाणी", "बऱ्याच ठिकाणी" हे शब्द गावोगाव नेले. खात्याच्या लेखी त्यांना मापं आहेत: विभागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर तो तुरळक, निम्म्याहून जास्त ते पाऊणपर्यंत केंद्रांवर झाला तर बऱ्याच ठिकाणी. संपूर्ण विदर्भाच्या पातळीवर हे अचूक ठरू शकतं. ज्याच्या शिवारात थेंब पडला नाही, त्याला मात्र अंदाज खोटा वाटतो. दोघेही खरे. हे भांडण तेव्हापासून मिटलेलं नाही.

आता परत येऊन विचारणाऱ्यांची गोष्ट. ती १९५६ ची, आणि माझ्या मते ह्या सगळ्या वंशावळीतली सर्वात देखणी पिढी तीच. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास गावांत, शेतकरी श्रोतृमंडळं बसवली. फेब्रुवारी ते एप्रिल, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. नुसतं ऐकून उठायचं नाही: पंधरा-वीस जणांनी एकत्र ऐकायचं, लगेच चर्चा करायची, काय ठरलं ते लिहून केंद्राला कळवायचं. शंका पाठवल्या की पुढच्या कार्यक्रमात उत्तर. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची तपासणी केली, आणि ती कशी केली ते पाहण्यासारखं आहे. मंडळाची गावं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि मुळात रेडिओच नाही अशीही गावं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर, सगळीकडे तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढली नव्हती. म्हणजे यंत्र तेच, आवाज तोच, फरक पडला तो चर्चेला बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी. पुढे सरकारने देशभर हजारो मंडळं काढली, आणि सरकारी योजनांचं जे होतं तेच त्यांचं झालं. पुण्याचा तो काटेकोरपणा मागे पडला, राहिली ती संख्या.

इथे जरा आडवाटेने जाऊ, कारण धानाच्या पट्ट्यात समाधानाचं सर्वात ठसठशीत उदाहरण कुठल्याही यंत्राशी जोडलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथले दादाजी खोब्रागडे, दीडेक एकराचे धनी. १९८३ साली 'पटेल ३' ह्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, निवडत निवडत पाच वर्षांत वाण स्थिर केलं. बारीक दाणा, चांगला उतारा, चव उत्तम. बियाणं हातोहात गेलं. तेव्हा लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. कृषी विद्यापीठाने १९९४ मध्ये त्यांच्याकडून नमुना नेला आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केलं. श्रेयाचा वाद दादाजींच्या मृत्यूपर्यंत, ३ जून २०१८ पर्यंत, चालत राहिला. पूर्व विदर्भात हे वाण कोणत्याही जाहिरातीशिवाय, कोणत्याही अभिप्राय फॉर्मशिवाय पोचलं. ज्याने लावलं त्याच्या खळ्यावर येऊन दुसऱ्याने पायलीभर मागितलं. गिऱ्हाईक खूश आहे की नाही हे ओळखायची ह्याहून चोख रीत मला माहीत नाही: कापणी झाल्यावर, डोळ्यांनी धान पाहून, माणूस मागायला येतो.

मोबाइल आला आणि सल्ला खिशात शिरला. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झालं. आज त्याचा नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा. पलीकडे माणूस असतो, आपली भाषा बोलतो, ही त्याची जमेची बाजू. पण एकदा फोन ठेवला की तो माणूस आपल्याला पुन्हा भेटत नाही.

त्यानंतर आला रॉयटर्स मार्केट लाइट, आणि पंचांगानंतर ग्राहक हा शब्द खऱ्या अर्थाने इथेच लागू पडतो. २००७ मध्ये महाराष्ट्रातच ही सेवा बाजारात आली. शेतकऱ्याने पैसे भरायचे, त्याच्या मोबाइलवर मराठीतून बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला येणार. लोकांनी पैसे भरून घेतली, याचा अर्थ उपयोग होत असणार, असं कोणीही म्हणेल. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते गृहीत धरलं नाही. महाराष्ट्रातली १०० गावं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काहींना सेवा फुकट दिली, काहींना नाही, आणि दोघांची तुलना केली. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन ही पिकं त्यात होती, धान नव्हतं. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेले शेतकरी सांगत होते की आपले कितीतरी निर्णय आम्ही ह्या संदेशांवरून घेतले. पण हाती आलेला भाव, पिकाचं मूल्य, पावसाने झालेलं नुकसान, ह्या कशातही सरासरीने फरक दिसला नाही. माल दुसऱ्या बाजारात नेणं, प्रतवारी करणं, इथे थोडा परिणाम होता, तोही किरकोळ.

ग्राहक समाधानी आहे, आणि त्याचा निर्णय मात्र सुधारलेला नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ऑनलाइन साधनांच्या कौतुकात हे वाक्य कुठे सापडत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. संदेश येतो, आपली कोणी दखल घेतंय असं वाटतं, निर्णय घ्यायला धीर येतो. धीर ही कमी किमतीची चीज नव्हे. पण धीर आणि उतारा ह्यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

सल्ल्याचं साधन असूनही उतारा हातचा जाऊ शकतो, हे धानाच्या पट्ट्याला २०१७ मध्ये फार कडू पद्धतीने कळलं. त्या खरिपात भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत तुडतुड्यांनी उभं धान संपवलं. कापणीला परवडेना म्हणून काहींनी बांध्या पेटवून दिल्या. २००८ मध्ये सोयाबीनवर अळीचा उद्रेक झाल्यावर राज्याने 'क्रॉपसॅप' हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प काढला होता, धानही त्यात होतं, म्हणजे साधन नव्हतं असं नाही. तुडतुडा पानावर बसत नाही. चूड दोन हातांनी फाकवून खाली, पाण्याच्या जरा वर पाहिलं तर दिसतो. एका चुडात पाच ते दहा दिसले की फवारणीची वेळ झाली, असा खात्याचा मापदंड. बांधावर उभं राहून धान हिरवंगार दिसतं. आठवड्याभरात मधोमध गोल चट्टा जळाल्यासारखा होतो, आणि मग उशीर झालेला असतो. त्याचा खरा उपाय तर रोवणीच्याच वेळी करायचा: दर काही ओळींनंतर पट्टा मोकळा सोडायचा, म्हणजे बुडाशी हवा-ऊन खेळतं, युरिया हात राखून द्यायचा. हा निर्णय जुलैचा, त्याचं फळ ऑक्टोबरचं. ऑक्टोबरात मोबाइलवर आलेला सल्ला कितीही बरोबर असला तरी जुलैची रोवणी बदलता येत नाही.

अशा वेळी माणूस जातो कृषी केंद्रात. अड्याळ काय, कोंढा काय, पवनी काय, सल्ल्याचं खरं दुकान हेच. पॉलिथिनमध्ये वाळलेला चूड आणायचा, काउंटरवर ठेवायचा, दुकानदाराने दोन बाटल्या काढायच्या. तो औषध विकतो, म्हणून सल्ला फुकट देतो. ह्यात स्वार्थ उघड आहे, आणि काही कीटकनाशकांनी तुडतुडा उलट वाढतो हेही जाणकारांना माहीत आहे. पण त्याची उधारी धान विकल्यावर फिटायची असते. पीक बुडालं तर त्याचे पैसेही लांबतात. शिवाय उद्या त्याच रस्त्याने जाणं-येणं आहे. सल्ला चुकला तर त्याला तोंडावर ऐकून घ्यावं लागतं. ह्या एका गोष्टीत तो प्रत्येक ॲपच्या पुढे आहे.

हवामानाचा सल्लाही दरम्यान जवळ येत गेला. १९९१ पासून कृषी हवामान विभागांसाठी, २००८ पासून जिल्ह्यासाठी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक निघतं. २०१३ पासून 'एम-किसान' पोर्टलवरून एसएमएस, २०१९ पासून 'मेघदूत' ॲप. राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. विदर्भाचा "तुरळक ठिकाणी" आता मंडळापर्यंत खाली आला, ही प्रगती लहान नाही. २०२० मध्ये एनसीएईआर या संस्थेने अकरा राज्यांतल्या जवळजवळ ४,००० शेतकऱ्यांना विचारलं, तर ९८ टक्के म्हणाले की नऊ महत्त्वाच्या कामांपैकी निदान एक तरी आम्ही ह्या सल्ल्यावरून बदललं. एकही बदल न केलेल्या घरांचं वर्षाचं सरासरी उत्पन्न १ लाख ९८ हजार, नऊच्या नऊ बदल केलेल्यांचं ३ लाख २ हजार. आकडे सुखावणारे आहेत. फक्त ज्याच्याकडे पाणी, मजूर आणि पैसा आहे त्यालाच नऊ बदल जमतात, हे वाचताना लक्षात ठेवलेलं बरं. आणि एवढं समाधान नोंदलं गेल्यावर काय झालं? कृषी विज्ञान केंद्रांतले सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान विभाग २०२४ मध्ये बंद करण्यात आले. तालुक्याची भाषा जाणून पत्रक लिहिणारी माणसं गेली, ॲप राहिलं. गिऱ्हाईक खूश असूनही दुकान बंद होतं, तेव्हा समजावं की दुकानाचा धनी गिऱ्हाईक नव्हता.

इथे सगळं येऊन ठेपतं. पंचांग शेतकरी विकत घेतो. रॉयटर्सची सेवाही घ्यायचा. फुकट ॲपमध्ये तो ग्राहक उरत नाही, लाभार्थी होतो. लाभार्थ्याचं समाधान मोजतात ते किती जणांनी डाउनलोड केलं, किती लाख संदेश गेले, ह्यावर. पाच तारे द्यायचे की दोन, हे ॲप जूनमध्ये विचारतं. निर्णय बरोबर होता की चूक, हे कळतं दिवाळीनंतर, मळणी झाल्यावर. त्या वेळी विचारणारं कोणी नसतं.

आता 'महाविस्तार' आलं आहे, राज्याच्या कृषी खात्याचं, २०२५ मधलं. मराठीत प्रश्न विचारायचा, कृत्रिम बुद्धिमत्ता उत्तर देते. केंद्राचं 'किसान ई-मित्र' २०२३ पासून आहेच. वाहन सांगून गप्प बसणाऱ्या पंचांगाच्या हे बरोबर उलट: हे साधन थेट "करा" आणि "करू नका" म्हणतं. म्हणून त्याच्याकडून मागणीही जास्त करायला हवी. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महसूल मंडळाच्या पानावर दोन रकाने असावेत: गेल्या मंगळवारी काय सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. 'महावेध'चं पर्जन्यमापक यंत्र मंडळात उभंच आहे, आकडे रोज येतात, अंदाजही साठवलेले असतात. शेजारी शेजारी छापायला नवं यंत्र लागत नाही. आणि अभिप्राय मागायचाच असेल तर तो मळणीनंतर, डिसेंबरात मागा.

तोवर वाचकांपैकी जे कोणी धानवाले असतील त्यांनी एवढं करावं. येत्या मृगापासून दर मंगळवार-शुक्रवारचा सल्ला घरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवा, खाली त्या दिवशी खरोखर पडलेला पाऊस लिहा, आणि स्वातीपर्यंतचे ते पाच महिने कापणीनंतर गावच्या कृषी सहायकाला, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर दाखवा.